ओतीव की कोरीव? धनुष्याच्या मधल्या दांड्याची गोष्ट



५ ऑगस्ट २०२३ ही तारीख जर्मनीतल्या मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी बर्लिनच्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली आणि थोड्याच वेळात नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेता झाला. ओजसने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले. १५० पैकी १५०. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर थांबला. दोघेही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे तयार झालेले.

त्यानंतर तुमच्या घरात कुणाला धनुष्याचं वेड लागलं असेल, तर तुम्ही एव्हाना जवळच्या 'श्युट्सेनफेराइन'चा दरवाजा ठोठावला असेल. हे नेमबाजांचे क्लब इथे गावोगावी असतात. त्यांची देशपातळीवरची संघटना १८६१ साली गोथा या गावी स्थापन झाली. बऱ्याच क्लबांमध्ये बंदुकीबरोबर धनुष्याचाही विभाग असतो आणि सुरुवातीचे काही महिने क्लबचंच धनुष्य वापरायला मिळतं. मग एक दिवस प्रशिक्षक म्हणतात, "आता स्वतःचं घ्या." तुम्ही दुकानाचं पान उघडता आणि गोंधळ सुरू होतो. धनुष्याचा मधला दांडा, ज्याला इथे 'मिटलटाइल' आणि बाकी जगात 'रायझर' म्हणतात, तो एक दिसतो शंभर-सव्वाशे युरोला आणि दुसरा चारशे-पाचशेला. दोन्ही ॲल्युमिनियमचे, दोन्हींची लांबी २५ इंच, वजनात फार फरक नाही. एकावर लिहिलेलं असतं 'गुस' किंवा 'ड्रुकगुस', म्हणजे ओतीव. दुसऱ्यावर 'गेफ्रेस्ट', म्हणजे यंत्रावर कोरून काढलेला.

मग जास्तीचे तीनशे युरो नक्की कशाचे? आणि ते तुम्ही द्यावेत का?

आधी रायझरचं काम समजून घेऊ

ऑलिम्पिकमध्ये दिसणारं रिकर्व्ह धनुष्य सुटं होतं. मधे रायझर, त्याच्या वर आणि खाली एकेक लवचीक पातं. या पात्यांना इंग्रजी शब्दावरून आपले तिरंदाज 'लिंब' म्हणतात, कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. दोन पात्यांच्या टोकांना दोरी. दोरी ओढली की पाती वाकतात आणि ऊर्जा साठवतात. रायझरने मात्र वाकायचं नसतं. त्याने पात्यांना घट्ट धरून ठेवायचं, हातात नीट बसायचं, आणि बाण सुटेपर्यंत दर वेळी अगदी त्याच जागी राहायचं.

यात त्याच्यावर किती भार येतो? एक ढोबळ हिशेब करू. समजा, धनुष्य ६८ इंची आहे आणि पूर्ण ओढल्यावर बोटांवर ४० पौंड भार येतो, म्हणजे साधारण १८० न्यूटन. दोरीच्या दोन बाजूंत हा भार वाटला जातो आणि दोरी तिरकी असल्यामुळे तिच्यातला ताण १७० न्यूटनच्या आसपास येतो. बोटं मुठीच्या साधारण ६५ सेंटिमीटर मागे असतात. हे सगळं मांडलं, की रायझरच्या मध्यावर सुमारे ९५ न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो.

हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. 'ऑक्टोबर ते ईस्टर' या इथल्या नियमाप्रमाणे हिवाळी टायर चढवताना टॉर्क पाना आपण बहुतेक गाड्यांसाठी ११० ते १२० न्यूटन-मीटरवर लावतो. म्हणजे प्रत्येक बाण ओढताना रायझरच्या मध्यावर जवळजवळ चाकाचे नट आवळण्याइतका जोर येतो.

आता पात्याच्या मुळाशी बघा. पातं रायझरच्या खोबणीत बसतं आणि एका बोल्टने अडवलेलं असतं. ही साधी तरफ आहे. खोबणीच्या काठापासून बाहेर दोरीच्या बाजूने चाळीसेक सेंटिमीटरची लांब बाजू, आणि काठापासून बोल्टपर्यंत सहा-सात सेंटिमीटरची आखूड बाजू. सहापट फरक. त्यामुळे दोरीतल्या १७० न्यूटनचे बोल्टवर होतात साधारण १०००. म्हणजे दर बाणाला वरच्या बोल्टवर शंभर किलो आणि खालच्या बोल्टवर शंभर किलो. हे बोल्ट आणि त्यांच्या भोवतीची खोबण हीच रायझरची खरी परीक्षेची जागा आहे. पुढे आपण पुन्हा तिथेच येणार आहोत.

ओतीव रायझर कसा होतो?

मराठीत धातूच्या वस्तूंसाठी जुने नेमके शब्द आहेत. ओतारी ओततो ते ओतीव, तांबट ठोकून बनवतो ते घडीव, आणि छिन्नीने कोरून काढलेलं ते कोरीव. आपले दोन्ही रायझर या शब्दांत चपखल बसतात, फक्त छिन्नीच्या जागी आता संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र आलं आहे.

स्वस्त रायझर बहुधा दाबाखालच्या ओतकामाने होतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. त्यात सिलिकॉन घातलं की वितळबिंदू खाली येतो आणि रस पातळ, वाहता होतो. साधारण १२ टक्के सिलिकॉनला तो सगळ्यात कमी, ५७७ अंश. हा रस पोलादी साच्यात प्रचंड दाबाने मारतात. साच्याच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला ३० ते ६० मीटर असू शकतो. ऑलिम्पिकमधल्या रिकर्व्ह धनुष्याचा बाणही याच्याच आसपासच्या वेगाने सुटतो. काही शतांश सेकंदात साचा भरतो, थोड्या वेळात गार होतो, उघडला की रायझर तयार. साचा महाग असतो, पण त्यातून हजारो नग निघतात. म्हणून किंमत कमी.

अडचण अशी, की या घाईत तीन गोष्टी आत अडकतात.

पहिली, हवा. इतक्या वेगाने उसळत जाणारा रस साच्यातली हवा गुंडाळूनच घेतो. कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या कुठल्याही फौंड्रीत विचारा, 'ब्लोहोल' हा शब्द तिथे शिवीसारखा उच्चारला जातो.

दुसरी, हायड्रोजन. तापलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या पाण्याच्या वाफेशी रासायनिक क्रिया करून हायड्रोजन सोडवतं आणि तो रसात विरघळतो. द्रवरूप ॲल्युमिनियममध्ये जितका हायड्रोजन मावतो, त्याच्या सुमारे विसावा भागच घनरूपात मावतो. उरलेला गोठताना बाहेर यायला बघतो, सोड्याची बाटली उघडल्यावर यावा तसा. पण भोवतीचा धातू गोठत असल्याने बुडबुडे जागच्या जागी अडकतात.

तिसरी, आकसणं. घरी कढवलेलं तूप बरणीत थिजलं, की मधे खळगा पडतो. कडेचं आधी थिजतं, मधलं नंतर, आणि आकसताना भरून काढायला द्रव उरत नाही. ॲल्युमिनियमही गोठताना आकारमानात ६ टक्क्यांच्या आसपास आकसतं. रायझरचा जाड भाग, म्हणजे मुठीचा आणि बोल्टभोवतीचा, सगळ्यात शेवटी गोठतो. त्यामुळे पोकळ्या राहण्याची शक्यताही तिथेच जास्त. आणि बोल्टभोवती तर सगळ्यात जास्त भार.

कोरीव रायझर, आणि १९०६ सालचा एक सोमवार

कोरीव रायझरसाठी लागते ॲल्युमिनियमची भरीव जाड पट्टी. तीही मुळात ओतलेलीच असते, पण सावकाश, नियंत्रित पद्धतीने. मग तिला गरम अवस्थेत लाटतात किंवा साच्यातून दाबून बाहेर काढतात. त्या दाबाने बारीक पोकळ्या मिटतात आणि धातूचे कण मोडून बारीक, एकसारखे होतात. मग यंत्र त्यातून रायझर कोरून काढतं. जर्मनमध्ये याला छान शब्दप्रयोग आहे, 'आउस डेम फोलेन गेफ्रेस्ट', म्हणजे भरीवातून कोरलेलं. हिशेब केला तर ६३ सेंटिमीटर लांब, बारा रुंद आणि साडेचार जाड पट्टीचं वजन नऊ किलो होतं, आणि रायझर उरतो सव्वा किलोचा. बाकी सगळा कीस. तो वितळवून पुन्हा वापरता येतो आणि त्याला नवीन ॲल्युमिनियम बनवण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. तरी यंत्राचा वेळ जातोच, आणि तो तुमच्या बिलात येतो.

पण कोरीव रायझरची खरी ताकद कोरण्यातून येत नाही. ती येते एका जर्मन शोधातून, आणि तो शोध लागला बर्लिनच्या वेशीवर.

आल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ नोयबाबेल्सबर्गच्या संशोधन केंद्रात काम करत. आज तो भाग पॉट्सडाममध्ये मोडतो. काडतुसांसाठी पितळेला पर्याय म्हणून मजबूत ॲल्युमिनियम शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, मग ॲल्युमिनियम का होऊ नये, असा त्यांचा विचार. १९०६ साली त्यांनी सुमारे ४ टक्के तांबं आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम असलेलं मिश्रण तापवून झटकन गार केलं. सांगतात ते असं, की शनिवारी कडकपणा मोजला तर विशेष काही नव्हतं. उरलेली मोजणी सोमवारी केली, तर तोच तुकडा बराच कडक झालेला! शनिवार-रविवारी त्याला कुणी हातही लावला नव्हता. धातू नुसता पडून राहून कडक झाला होता.

१९०९ पासून कोलोन आणि आखेनच्या मधल्या ड्युरेन गावच्या कारखान्याने हा मिश्रधातू 'ड्युरालुमिन' नावाने विकायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे होऊ लागले. तो का कडक होतो, हे मात्र १९३८ पर्यंत कुणाला दाखवता आलं नाही. त्या वर्षी फ्रान्समध्ये गिन्ये आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं, की झटकन गार केल्यावर अडकून पडलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके करतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. हे पुंजके त्या सरकण्याच्या वाटेत गतिरोधकासारखे आडवे येतात.

आजच्या रायझरमध्ये तांब्याऐवजी बहुधा मॅग्नेशियम आणि सिलिकॉनची जोडी असते. ६०६१ हा त्यातला प्रसिद्ध मिश्रधातू, आणि युरोपात त्याचा भाऊ ६०८२. पुढे 'टी६' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की धातू ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात गार केला, मग १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवला. घरच्या ओव्हनमध्ये केक भाजतो तेवढ्याच तापमानाला. विल्मचा शनिवार-रविवार आता भट्टीत उरकतात, एवढंच.

हाच उपचार ओतीव रायझरला का देत नाहीत? दाबाने ओतलेल्या धातूत अडकलेली हवा ५०० अंशांच्या पुढे फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. म्हणून साध्या दाब-ओतकामाला हा संस्कार करता येत नाही. ओतकामाच्या इतर, सावकाश पद्धतींत तो करता येतो. गाडीची ॲल्युमिनियमची चाकं तशीच होतात. ती ओतीव असूनही आपण त्यांच्या भरवशावर ऑटोबानवर १५० च्या वेगाने जातो, कारण रस हळू भरलेला असतो, उष्णतेचा संस्कार झालेला असतो आणि चाकं क्ष-किरणांखाली तपासली जातात. तेव्हा 'ओतीव म्हणजे टाकाऊ' असा निष्कर्ष काढू नका. प्रश्न कशा पद्धतीने ओतलं आणि किती तपासलं, हा आहे.

जे बदलत नाही ते

क्लबमध्ये तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, "ओतीव रायझर मऊ असतो, ओढताना वाकतो, म्हणून नेम चुकतो." हे खरं नाही.

धातू भाराखाली किती लवतो, हे त्याच्या ताठपणावर अवलंबून असतं, आणि तो ठरतो अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत यावर. ॲल्युमिनियमच्या जवळजवळ सगळ्या मिश्रधातूंत हा आकडा ७० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. ओतीव असो, ६०६१ असो की विमानात वापरतात तो ७०७५. विल्मच्या पुंजक्यांनीही त्यात लक्षणीय फरक पडत नाही. म्हणजे अगदी एकाच आकाराचे दोन रायझर, एक ओतीव आणि एक कोरीव, एकाच धनुष्याला लावले तर ते जवळजवळ सारखेच लवतील. ताठपणा हवा असेल तर आकार बदलावा लागतो, आणि ओतीव रायझर बहुधा थोडे जाडच बनवतात.

बदलतं ते हे, की किती भाराला धातू कायमचा वाकतो आणि मोडण्याआधी किती ताणला जातो. कायमचं वाकायला दाब-ओतीव मिश्रधातूला साधारण १६० मेगापास्कल पुरतात, ६०६१-टी६ ला २७५ लागतात, ७०७५-टी६ ला ५०० च्या आसपास. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, अंदाजे १०० ग्रॅमचं वजन. तुटण्याआधी ६०६१-टी६ दहा-बारा टक्के ताणला जातो, दाब-ओतीव बहुधा तीनेक टक्क्यांतच तुटतो. पहिला आधी वाकून इशारा देतो, दुसरा फारसा इशारा देत नाही.

मग ओतीव मोडतो कशाने?

मघाचे ९५ न्यूटन-मीटर आठवा. खिडकीपाशी, म्हणजे बाण जातो तिथे, रायझर समजा १८ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर खोल आहे. तिथला ताण येतो पंधरा-सोळा मेगापास्कल. वजन कमी करायला जाळी कोरली असेल तर दुप्पट-तिप्पट धरा. तरीही तो १६० च्या बराच खाली आहे. या हिशेबाने कुठलाच रायझर कधी मोडू नये.

पण हा हिशेब भरीव धातूचा आहे. १८९८ मध्ये एर्न्स्ट गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने गणिताने दाखवलं, की ताणलेल्या पत्र्यात एक गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लहान असो वा मोठं. रायझरला तर साइट, स्टॅबिलायझर आणि बोल्ट यांची भोकं लागतातच. त्या भोकाच्या कडेलाच आत ओतकामाची पोकळी असेल, तर भोकाने वाढवलेला ताण पोकळी आणखी वाढवते. आकसण्याने झालेल्या पोकळ्या गोलही नसतात, वेड्यावाकड्या आणि टोकदार असतात, म्हणजे आणखी वाईट.

दुसरी गोष्ट थकव्याची. एकोणिसाव्या शतकात प्रशियात रेल्वेचे आस मोडायचे, एकदम जास्त वजनाने नव्हे तर रोजच्याच वजनाने, हजारो फेऱ्यांनंतर. ऑगस्ट वोलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून ताण आणि फेऱ्या यांचं नातं मांडलं. इथल्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही त्या आलेखाला 'वोलरची रेषा' म्हणतात. पोलादाची रेषा एका पातळीनंतर आडवी होते, म्हणजे त्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी पोलाद बहुधा टिकतं. ॲल्युमिनियमची रेषा तशी आडवी होत नाही, हळूहळू उतरतच राहते. दिवसाला २०० बाण, वर्षातले २५० दिवस धरले, तर वर्षाला ५०,००० फेऱ्या. दर फेरीत बोल्टवर शंभर किलो.

म्हणून ओतीव रायझरचा खरा प्रश्न 'कमी ताकद' हा नसून 'अनिश्चितता' हा आहे. थकव्याने मोडणं हे पृष्ठभागाजवळच्या सगळ्यात मोठ्या पोकळीवर ठरतं, आणि ती दर नगात वेगळी. एकाच साच्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायझरपैकी एक पंधरा वर्षं चालेल आणि दुसऱ्याला तिसऱ्या वर्षी बोल्टपाशी चीर जाईल. कोणता कोणता, ते बाहेरून दिसत नाही.

यात भर घालतो कोरा सोडलेला झटका, म्हणजे बाण न लावता दोरी सोडणं. ४० पौंडी धनुष्यात साधारण ५० ज्यूल ऊर्जा साठते. बाण तिच्यातला दोन तृतीयांश भाग घेऊन जातो. बाणच नसेल तर ती सगळी ऊर्जा पाती, दोरी आणि रायझरमध्ये परत येते. घरी आलेल्या पाहुण्यांना "फक्त ओढून बघा" म्हणून धनुष्य देऊ नका, ते याच कारणासाठी.

सरळपणाचे पैसे

जास्तीच्या पैशांचा दुसरा मोठा भाग सरळपणासाठी असतो. रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर, त्यातलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. मुठीपासून बघितलं तर ते जेमतेम एक दशांश अंशात मावतं. रायझरची खोबण अर्धा अंश जरी बाजूला कललेली असली, तरी ४५ सेंटिमीटर दूर असलेलं पात्याचं टोक चार मिलिमीटर सरकतं. सतत एकाच बाजूला जाणारी चूक साइट हलवून भरून काढता येते. पण दोरी मधून न जाता तिरकी जात असेल, तर पातं पिळतं आणि बाण दर वेळी थोडा वेगळा सुटतो. ते साइटने सुधारत नाही.

ओतीव तुकडा गार होताना लांबीतही सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतो. २५ इंचांच्या रायझरमध्ये ते आठ मिलिमीटर झाले. साचा तेवढा मोठा करतात, पण जाड मूठ उशिरा गार होते आणि पातळ टोकं लवकर, त्यामुळे तुकडा किंचित मुडपू शकतो. म्हणून खोबणीवर शेवटचा हात यंत्राचाच फिरवतात. तेव्हा जाहिरातीत नुसतं 'सीएनसी' वाचून खूश होऊ नका. ओतीव रायझरवरही तो शब्द खरेपणाने लिहिता येतो.

कोरीव रायझरलाही मुडपण्याचा धोका असतो. पाण्यात झटकन गार केलेल्या पट्टीत आतल्या आत ताण साठतात आणि ऐंशी टक्के धातू काढून टाकला की उरलेला तुकडा हलतो. त्यावर उपाय म्हणजे पट्टी कोरण्याआधी दीड ते तीन टक्के ओढून ताणणं. मिश्रधातूच्या नावापुढे 'टी६५१' दिसलं, की हा उपाय केला आहे असं समजा. शिवाय मध्यम किमतीपासून पुढच्या रायझरमध्ये पातं डावी-उजवीकडे किंचित सरकवायची सोय असते. माझ्या मते जास्तीच्या पैशांत मिळणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकारही दुकानात दिसेल, 'गेश्मीडेट', म्हणजे घडीव. गरम ॲल्युमिनियम साच्यात दाबून जवळजवळ रायझरच्या आकारात आणतात आणि मग थोडंसंच कोरतात. पोकळ्यांचा त्रास नाही, उष्णतेचा संस्कार करता येतो आणि कीसही कमी. किंमत बरोबर असेल तर हा चांगला सौदा असतो.

तर मग काय घ्यावं?

मूल दहा-बारा वर्षांचं असेल आणि १८ ते २४ पौंडांची पाती वापरत असेल, तर चांगला ओतीव रायझर पुरेसा आहे. भार वर मांडलेल्या हिशेबाच्या निम्माच असतो, बाण कमी असतात, आणि उंची वाढली की रायझरही बदलावा लागतो. फक्त तो 'आयएलएफ' खोबणीचा घ्या. ही बहुतेक कंपन्यांना सामाईक जोडणी आहे, त्यामुळे पुढे रायझर बदलला तरी पाती वापरता येतात.

भार ३० पौंडांच्या पुढे जाऊ लागला, आठवड्यातून तीन-चार दिवस सराव होऊ लागला, की कोरीव किंवा घडीवकडे वळा. तिथे सगळ्यात महाग घ्यायची गरज नाही. दोनशे-तीनशे युरोच्या आणि सातशेच्या रायझरमध्ये धातू बऱ्याचदा एकाच जातीचा असतो. वरचे पैसे सोयींचे, रंगाचे आणि नावाचे असतात. कंपाउंडच्या बाबतीत तर वाद फारसा उरतच नाही. तिथे ६० पौंडांपर्यंत भार चालतो आणि स्पर्धेतले रायझर बहुतेक कोरीवच असतात.

जुना रायझर घेत असाल तर तो ओतीव आहे का, हे आधी ओळखा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक रेघ, तुकडा साच्यातून ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे आणि जाड रंगाचा थर या ओतीवच्या खुणा. कोरीववर कडा धारदार असतात, आतल्या कोपऱ्यात हत्याराच्या बारीक रेषा दिसतात आणि वर बहुधा 'एलॉक्सीर्ट' केलेला पातळ रंगीत थर असतो. जास्त सिलिकॉनच्या ओतीव धातूवर हा थर नीट चढत नाही, करडा आणि डागाळलेला दिसतो.

मग पाती काढा, टॉर्च आणि भिंग घ्या. बोल्टभोवतीची खोबण, खिडकीचे कोपरे आणि प्रत्येक आटेदार भोक बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर कापसाचा बोळा तिच्यावरून हलकेच फिरवा. तंतू अडकले तर ती चीर समजा. शंका उरली तर चीर दाखवणारा लाल रंगाचा स्प्रे मिळतो, वेल्डिंगच्या कामात तोच वापरतात. शेवटी पाती आणि दोरी चढवून मागून एका डोळ्याने बघा. दोरी दोन्ही पात्यांच्या आणि रायझरच्या मधून जायला हवी.

चीर दिसली, तर रायझर कितीही स्वस्त मिळत असला तरी परत ठेवा. वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेत ओतीव धातूतली हवा फुगते, आणि कोरीव असेल तर विल्मचे पुंजके त्या जागी विरघळून धातू पुन्हा मऊ पडतो. तुमच्याच घरातल्या जुन्या ओतीव रायझरसाठीही ही तपासणी वर्षातून दोनदा करा. तारीख लक्षात राहत नसेल तर टायर बदलायच्या दिवशी करा, टॉर्च आणि टॉर्क पाना तेव्हा हाताशी असतातच. टॉर्क पाना मात्र गाडीसाठीच ठेवा, पात्यांचे बोल्ट त्याने आवळायचे नसतात.